मालवणात मासे खायला जाताय? आधी मासा विचारा, मग थाळी सांगा

मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला या पट्ट्यात पहिल्यांदा येणारे बहुतेक जण घरूनच ‘सुरमई थाळी’ ठरवून येतात. खानावळीत बसतात, कार्ड न बघता तीच सांगतात आणि बर्फात दोन-तीन दिवस राहिलेली सुरमई चढ्या भावाने खाऊन उठतात. त्याच चुलीवर सकाळी बंदरावर उतरलेला बांगडा असतो, तोही बऱ्याच कमी पैशांत. तो मात्र त्यांच्या ताटात येत नाही, कारण कुणी विचारलेलंच नसतं. पुढे जे लिहिलं आहे ते मुख्यतः ही चूक टळावी म्हणून. त्यासोबत भाव, बिल, काटे, पथ्य या बाबतीत नवख्या माणसाची जिथे गफलत होते त्या जागाही सांगितल्या आहेत.

सोबत एवढं असू द्या: पुरेशी रोख रक्कम आणि सुटे पैसे (देवबाग-तारकर्लीच्या बाजूला नेटवर्क मधेच जातं आणि मोबाईलवरून पैसे भरणं अडतं), फोनमध्ये उतरवून ठेवलेला नकाशा, दोन-तीन खानावळींचे नंबर, अ‍ॅलर्जीचा त्रास असेल तर त्याचं औषध, आणि लहान मुलं असतील तर एक जास्तीचा चमचा. हाताने जेवायची जागा आहे, चमचे मोजकेच असतात.

१. कधी येताय ते आधी बघा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. या दिवसांत ताटात जी मोठी सुरमई किंवा पापलेट येतं ते शीतगृहातलं असतं, किंवा बाहेरून आलेलं. खानावळवाला फसवतो असं नाही, पण मग ताज्या माशाचा भाव देऊ नका. पावसाळ्यात आलात तर खाडीतले मासे, खेकडे, खारा बांगडा, सुकट, सुके बोंबील मागा. त्या दिवसांत कोकणातल्या घरात हेच शिजतं आणि ते करणारा हातही त्यात मुरलेला असतो.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की हंगाम उघडतो. तरी श्रावणात बरीच घरं मासे खात नाहीत आणि गणपतीत तर अनेक खानावळी सरळ बंद असतात. स्वयंपाक करणारी माणसं स्वतःच्या घरच्या गणपतीत असतात. गणपतीच्या सुट्टीत मासे खायला म्हणून कोकणात येणं हा फसणारा बेत आहे.

ऑक्टोबर ते मे हा खरा काळ. त्यातही २५ डिसेंबर ते १ जानेवारी आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. तेव्हा खानावळीत पाऊण-एक तास उभं राहावं लागतं आणि तव्यावर एका वेळी इतक्या तुकड्या पडतात की एकही नीट भाजली जात नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा ज्या दिवसांत असते तेव्हाही मालवण-कणकवली रस्त्यावर प्रचंड गर्दी असते. ही तारीख पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.

आणखी एक. वादळाचा इशारा लागला की होड्या बाहेर जात नाहीत. तो उतरल्यावरही पहिले एक-दोन दिवस मासळी कमी आणि महाग असते. अशा वेळी कोंबडी-वडे खा. ते इथे दुय्यम जेवण नाही.

२. पाटीवरून जागा ओळखा

चार प्रकारच्या जागा असतात आणि चारींकडून अपेक्षा वेगळ्या ठेवायच्या.

‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी असलेलं घर. पडवीत किंवा अंगणात चार-सहा टेबलं, स्वयंपाक घरातल्या बाईच्या हातचा. मेन्यूकार्ड नसतं. आधी कळवलंत तर इथल्यासारखं जेवण दुसरीकडे मिळत नाही. न कळवता आठ जण जाऊन उभे राहिलात तर भात संपलेला असतो.

खानावळ. बाजारात, एस.टी. स्टँडच्या आसपास. इथे स्थानिक नोकरदार, ड्रायव्हर, बाजाराला आलेली माणसं जेवतात. मासा दुपारीच संपतो, म्हणून तो शिळा राहायचा प्रश्न कमी. दुपारी साडेबारा-एकला स्थानिक माणसांनी भरलेली खानावळ ही सर्वांत भरवशाची खूण आहे.

बार अँड रेस्टॉरंट. कार्ड लांबलचक, त्यात चायनीज आणि पंजाबीही. मासा चांगला मिळू शकतो, पण आमटीऐवजी ‘ग्रेव्ही’ येण्याचा संभव जास्त.

रिसॉर्टचं स्वयंपाकघर. सोयीचं, महाग, आणि पाहुण्यांना तिखट लागू नये म्हणून मसाला बराच उतरवलेला. तिखट अजिबात न खाणाऱ्या मंडळींसाठी मात्र ही ठीक जागा.

रिक्षावाला किंवा होडीवाला स्वतःहून एखादं ठिकाण सुचवून तिथेच नेत असेल तर तिथे त्याचा हिस्सा असू शकतो. त्याला ‘कुठे चांगलं मिळतं’ असं न विचारता ‘तुम्ही दुपारी कुठे जेवता’ असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

३. सकाळी फोन करा

घरगुती ठिकाणी दुपारचं जेवण हवं असेल तर सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत फोन गेला पाहिजे. बाजारातून मासळी त्याच सुमारास येते आणि किती माणसांचं आणायचं हे तेव्हाच ठरतं. रात्रीच्या जेवणासाठी दुपारी तीनच्या आत सांगा.

फोनवर चार गोष्टी सांगा: माणसं किती, त्यात मासे न खाणारे किती, लहान मुलं किती, आणि किती वाजता येणार. दीड म्हणालात तर दीडलाच जा. तळलेला मासा वाट बघत नाही.

काही पदार्थांना आदल्या दिवशीच सांगावं लागतं:

कोंबडी-वडे, तेही गावठी कोंबडीचे असतील तर. गावठी कोंबडी शिजायला ब्रॉयलरपेक्षा खूप जास्त वेळ घेते, शिवाय ती मिळवावी लागते. वड्यांचं पीठ तांदूळ, उडीद, धणे, मेथी यांचं असतं आणि मळून काही तास ठेवावं लागतं. ऐन वेळी मागितलेले वडे फुगत नाहीत, दडस होतात. (हे वडे पुरीसारखे असतात. बटाटेवडा किंवा मेदूवडा समजून कुणी नको म्हणू नये.)

कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपल्या), कालवं, शेवंड (लॉबस्टर). कुर्ल्यांच्या बाबतीत कोळी माणसं सांगतात की अमावास्येला भरलेल्या असतात, पौर्णिमेला पोकळ. मागवताना ‘भरलेल्या आहेत का’ एवढं विचाराच, पोकळ कुर्लीत पैसे कवटीचे जातात.

खापरोळ्या, शिरवाळे, घावणे (तांदळाची पातळ धिरडी), धोंडस (काकडीचा गोड केक). सकाळच्या न्याहारीला किंवा गोडाला. शिरवाळे साच्यातून दाबून काढायचे आणि नारळाच्या गोड रसात खायचे. खटाटोपाचं काम असतं, चार जणांपेक्षा कमी असाल तर बहुधा नाहीच म्हणतील.

४. नावं शिकून घ्या

कार्डावर आणि बोलण्यात एकाच माशाची वेगवेगळी नावं येतात, आणि इथेच गोंधळ होतो. सुरमईला इथे इसवण म्हणतात. कोळंबीला सुंगटां. खेकडा म्हणजे कुर्ली. माकुल म्हणजे स्क्विड. पेडवे आणि तारल्या एकाच कुळातले छोटे, चरबीदार, भरपूर काट्यांचे मासे. मोरी म्हणजे छोटा शार्क, त्याला काटे नसतात, मधे फक्त कूर्चेचा कणा. मुडदुशी लांबट, नाजूक, पांढऱ्या मांसाची. शेवंड म्हणजे लॉबस्टर. ‘सरंगा’ हे नाव कुठे पापलेटला वापरतात तर कुठे हलव्याला (पापलेटसारखाच दिसणारा काळसर मासा), म्हणून तो शब्द ऐकलात तर मासा डोळ्यांनी बघूनच हो म्हणा. दोघांच्या भावात फरक असतो.

बसल्यावर पहिला प्रश्न ‘कार्ड द्या’ नाही. वाढणाऱ्या वहिनींना किंवा काकींना विचारा: ‘वहिनी, आज सकाळचं ताजं काय आहे?’ उत्तर मालवणीत आलं तर असं काहीसं येईल: ‘बांगडो आसा, सुंगटां आसत, इसवण कालची आसा.’ ‘कालची’ हा शब्द माणसं प्रामाणिकपणे सांगतात, फक्त विचारणारा लागतो.

५. मासा दाखवा म्हणा

यात संकोच नको. अख्खा पापलेट, कुर्ली, शेवंड किंवा मोठी कोळंबी मागवताना कच्चा मासा बघायला मागणं इथे रीतीचंच आहे. काय बघायचं:

अख्खा मासा असेल तर कल्ला उचला. आत लाल असला पाहिजे. तपकिरी किंवा करडा झाला असेल तर राहू द्या. डोळा भरलेला आणि चकचकीत हवा, खोल गेलेला आणि दुधट नको. बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. बांगड्याच्या पाठीवरच्या निळ्या-हिरव्या रेघा ताज्यात लखलखतात, शिळ्यात विटतात. पोट फुटलेला बांगडा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

सुरमई तुकड्यांतच दिसते, कल्ला बघायला मिळत नाही. तुकडीच्या मधल्या काट्याभोवती मांस घट्ट चिकटलेलं आहे का ते बघा. काट्यापासून मांस सुटलं असेल, कडा पिवळट-कोरड्या दिसत असतील, तर ती बर्फात बराच काळ राहिली आहे.

कोळंबीचं डोकं अंगाला घट्ट हवं. डोकं काळवंडून लोंबत असेल किंवा नाकाला झोंबणारा वास येत असेल तर नको. माकूल पांढरं हवं, गुलाबीकडे झुकलेलं नको. तिसऱ्या शिजवण्याआधी मिटलेल्या आणि शिजल्यावर उघडलेल्या असायला हव्यात. ताटात मिटलेली शिंपली आली तर चमच्याने उघडायच्या फंदात न पडता बाजूला ठेवा.

मासा दाखवायला टाळाटाळ झाली तर रागावण्याचं कारण नाही, पण ऑर्डर बदला. बांगडा किंवा मोरी सांगा, नाहीतर अंडा थाळी.

आणखी एक गोष्ट तव्याजवळची. मालवणी पद्धतीत तुकडीला हळद, तिखट, मीठ आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) लावून ठेवतात आणि तांदळाच्या पिठात किंवा रव्यात हलकी घोळवून तव्यावर थोड्या तेलात भाजतात. आच मध्यम. कडेला बुडबुडे कमी झाले, तुकडी तव्यावरून आपोआप सुटली की उलटायची, एकदाच. रव्याचा थर पातळ असला तर मागून माशाचा रंग दिसतो. जिथे थर जाड, लालभडक आणि कढईत बुडवून तळलेला असतो तिथे आत काय आहे ते जिभेलाही कळत नाही. म्हणून सांगताना ‘तवा फ्राय, रवा कमी’ असं सांगा.

६. थाळीत काय येतं, काय पुन्हा मिळतं

साधारण मासे थाळीत तळलेली तुकडी, माशाची आमटी किंवा कालवण, भात, दोन-तीन पोळ्या किंवा तांदळाची भाकरी, सोलकढी, सुकटीची चटणी किंवा जवळ्याची कोशिंबीर, कांदा-लिंबू एवढं येतं. तळलेला मासा पुन्हा मिळत नाही, त्याचे पैसे वेगळे. आमटी आणि भात बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, सोलकढी काही ठिकाणी एकच वाटी. ‘काय काय परत मिळेल’ हे सुरुवातीलाच विचारा. वाद इथेच होतात.

पोळी की भाकरी विचारलं तर भाकरी सांगा. तांदळाची भाकरी थापायला हात लागतो आणि गरम असतानाच खायची असते, म्हणून एकेक करून येऊ द्या.

भाताच्या बाबतीत एक गैरसमज काढून टाका. काही ठिकाणी उकडा भात मिळतो, जाड, तांबूसपणाकडे झुकणारा, सुटा. पाहुणे तो कच्चा राहिला म्हणून परत पाठवतात. तो तसाच असतो. माशाच्या आमटीचा तिखटपणा आणि नारळ हा भात जसा धरून ठेवतो तसा पांढरा बारीक तांदूळ धरत नाही. दोन्ही असतील तर पहिला भात उकडा घ्या.

आमटी आणि तिखलं यांत फरक आहे. आमटीत नारळाचं वाटप असतं, रस भाताला पुरेल एवढा. तिखलं दाटसर, आंबट-तिखट, भाकरीबरोबर खायचं. बांगड्याचं तिखलं मिळत असेल तर तळलेला बांगडा न घेता ते घ्या.

सोलकढीवरून त्या स्वयंपाकघराची पारख होते. नारळाचं दूध आणि कोकमाचं आगळ, वर लसूण, हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर, एवढंच तिच्यात असतं. रंग फिका गुलाबी येतो. भडक, एकसारखा गुलाबी रंग दिसला तर त्यात रंग किंवा बीट असण्याचा संभव आहे. नारळाचं दूध उन्हाळ्यात काही तासांतच आंबतं. पेला नाकाशी नेल्यावर आंबूस वास आला, किंवा वरचा थर फाटल्यासारखा दिसला, तर परत करा. चांगली सोलकढी अर्धी जेवताना प्या आणि अर्धी शेवटच्या भाताला ठेवा.

७. भाव बोलून घ्या

बांगडा आणि तारली सर्वांत स्वस्त. सुरमई थाळी बांगड्याच्या थाळीच्या साधारण दीडपट ते दुप्पट. पापलेट त्याच्याही वर. कुर्ल्या, शेवंड आणि मोठा अख्खा मासा यांचे भाव कार्डावर छापलेले नसतात, ‘आजच्या भावाप्रमाणे’ लिहिलेलं असतं. हे वाचलंत की तीन गोष्टी विचारल्याशिवाय हो म्हणू नका: भाव नगावर की किलोवर, किलोवर असेल तर वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि शिजवायचे पैसे त्यात धरले आहेत की वेगळे.

वजनाचा मुद्दा साधा वाटतो, पण बिलातला मोठा धक्का इथूनच येतो. कुर्लीच्या वजनात कवच असतं, अख्ख्या माशात डोकं, आतडी, खवलं असतात. वजन काटा समोर ठेवून करायला सांगा आणि आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

बंदरावरच्या लिलावातून स्वतः मासा घेऊन खानावळीत शिजवून घ्यायचा असेल तर आधी खानावळीला विचारा. सगळे तयार नसतात. तयार असतील तर किलोमागे शिजवण्याचे पैसे ठरवा, आणि लिलावात नवख्याने बोली लावू नये. तिथे टोपलीचा अंदाज आणि बोलीची भाषा दोन्ही सरावाची कामं आहेत. कडेला बसलेल्या मासेविक्रेत्या मावशींकडून घेतलेलं बरं, त्या साफ करूनही देतात.

८. जेवताना

त्रिफळं. बांगडा, तारली अशा तेलकट माशांच्या आमटीत मिऱ्यापेक्षा मोठी, उघडलेल्या तोंडाची तपकिरी फळं तरंगतात. ती चावायची नाहीत. जीभ बधिर होते आणि उरलेल्या जेवणाची चव जाते. ताटाच्या कडेला काढून ठेवा.

काटे. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि मासे नव्याने खाणारे यांच्यासाठी क्रम असा धरा: मोरी, कोळंबी, सुरमई, पापलेट. सुरमईत मधला काटा मोठा आणि स्पष्ट असतो. बांगड्याला मधला काटा उचलला तर तो अख्खा निघतो, पण कडेचे बारीक राहतात. पेडवे मुलांना देऊ नका. घशात काटा अडकला की कोरडा भात गिळायचा घरगुती उपाय सगळे सांगतील. त्याने काटा आणखी खोल रुतू शकतो. खोकून पाहा, नाहीतर डॉक्टर गाठा.

तिखट. मालवणी मसाल्याचा तिखटपणा उशिरा चढतो. पहिल्या घासाला ‘ठीक आहे’ वाटतं, चौथ्याला घाम येतो. कमी तिखट हवं असेल तर फोनवरच सांगा. आमटी एकदा झाली की तिच्यातलं तिखट काढता येत नाही, सोलकढी ओतून घ्यायची एवढाच मार्ग.

सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि तारकर्लीचं स्कूबा यांच्या आधी पोटभर जेवू नका. दोन्ही आटोपून साडेबारापर्यंत खानावळ गाठा. एक ते अडीच ही गर्दीची वेळ, साडेतीननंतर बऱ्याच जागा संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत बंद, आणि रात्री साडेनऊनंतर चुली विझायला लागतात.

९. सोबत मासे न खाणारे असतील तर

त्यांना डाळ-भातावर बसवू नका. काळ्या वाटाण्याची उसळ किंवा सांबारं, कुळथाची पिठी, कच्च्या फणसाची भाजी, आंबोळी किंवा घावण्याबरोबर नारळाची चटणी हे सगळं इथलं आहे आणि उत्तम असतं. फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत ओल्या काजूगरांची उसळ मिळाली तर मासे खाणाऱ्यांनीही घ्यावी.

पण स्पष्ट विचारा. कोशिंबिरीत आणि चटणीत सुकट किंवा जवळा असतो आणि दिसून येत नाही. तवा आणि तळणीचं तेल बहुतेकदा एकच असतं. चालणार नसेल तर आदल्या दिवशी सांगा, घरगुती ठिकाणी वेगळ्या भांड्यात करून देतात. अनेक घरांत सोमवारी, काही ठिकाणी गुरुवारी किंवा शनिवारी मासे शिजत नाहीत. अशा दिवशी गेलात तर शाकाहारी जेवण सर्वांत मनापासून केलेलं मिळतं. कांदा-लसूण नको असेल तर सोलकढीसाठीही तसं सांगा, तिच्यात लसूण असतोच.

१०. अ‍ॅलर्जी आणि पोट

कुर्ल्या, कोळंबी, तिसऱ्या यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी फक्त तो पदार्थ टाळून भागत नाही. एकाच तव्यावर, एकाच मसाल्याच्या चमच्याने काम चालतं, शिवाय जवळा हीसुद्धा कोळंबीचीच जात.

बांगडा, तारली, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे पकडल्यावर वेळेत बर्फात गेले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, तोंडात झोंबणं, अंगावर गांधी उठणं असा त्रास होतो आणि लोक त्याला ‘तिखट लागलं’ म्हणून सोडून देतात. घास तोंडात घातल्याबरोबर मिरी चावल्यासारखी चुणचुण वाटली तर तिथेच थांबा. श्वासाला त्रास होत असेल तर लगेच दवाखाना.

११. दारू

घरगुती जेवणाच्या ठिकाणी दारूचा परवाना नसतो. बाटली घेऊन जाऊ नका, त्या घराला अडचणीत आणाल. महाराष्ट्रात बीअर आणि वाईनसाठी वय २१ पूर्ण, इतर मद्यासाठी २५ पूर्ण लागतं. गोवा जवळ आहे म्हणून तिथून स्वस्त बाटल्या गाडीत टाकून येणारे बरेच असतात. विनापरवाना गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सीमेवर तपासणी होते.

१२. बिल

बिल मागा, तोंडी आकडा नको. त्यावर चार गोष्टी बघा. जास्तीच्या तुकड्या किती लावल्या आहेत. वजनाच्या माशाचं वजन तुम्ही लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळतं का. अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक आहे का. आणि कर.

साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर आकारलं जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. छोट्या खानावळींची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल, किंवा त्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असतील, तर त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नाही आणि तरी कर लावलेला आहे असं दिसलं तर शांतपणे विचारा.

सेवा शुल्क आपोआप बिलात लावता येत नाही, ते देणं न देणं तुमच्या मर्जीवर. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. लावलं असेल तर काढून द्यायला सांगा, न ऐकल्यास ग्राहक हेल्पलाईन १९१५. घरगुती खानावळीत हा प्रश्न सहसा येत नाही. तिथे वाढणाऱ्या माणसाच्या हातात खुशीने काही द्यायचं असेल तर रोख द्या.

१३. घरी न्यायचं असेल तर

आगळ, कोकम सरबत आणि आमसुलं या तीन वेगळ्या वस्तू आहेत. आगळ म्हणजे रातांब्याचा (कोकमाच्या फळाचा) मीठ घातलेला रस, सोलकढीसाठी. सरबतात साखर असते, त्याची सोलकढी होत नाही. आमसुलं म्हणजे वाळवलेल्या साली, आमटीत टाकायला. बाटलीवरचं वाचून घ्या, रंगावरून तिन्ही सारखेच लाल दिसतात.

मालवणी मसाला घेताना कधी कुटला ते विचारा आणि घरी नेल्यावर बाटलीत हिंगाचा खडा टाकून ठेवा. सुकट आणि सुके बोंबील घ्यायचे तर कडकडीत वाळलेले बघून घ्या, हातात दमट लागले तर दोन दिवसांत बुरशी धरतात. प्लास्टिकच्या पिशवीतून वास बाहेर येतोच, आणि कुडाळहून मुंबईपर्यंत रेल्वेच्या डब्यातल्या सगळ्यांना तो सोसावा लागतो. झाकण घट्ट बसणारा डबा घरूनच आणा.